घरच्या स्टुडिओत दोन स्क्रीन आणि स्पीकर यांची मांडणी: मदत हवी आहे

माझी खोली दहा बाय बारा फुटांची असून टेबल दहा फुटी भिंतीच्या मध्यावर, त्या भिंतीकडे तोंड करून लावले आहे. पाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचे) दोन स्पीकर (पोर्ट, म्हणजे हवेचे भोक, मागच्या बाजूस) आणि २७ इंची दोन स्क्रीन आहेत. काम मुख्यतः गायन व तबला-पेटीच्या मिक्सिंगचे.

दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवल्या, की त्यांचीच रुंदी सुमारे १२० सेंटिमीटर होते. स्पीकर त्यांच्या बाहेर नेऊन दोन स्पीकर व ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण राखायचा, तर खुर्ची इतकी मागे जाते की कीबोर्ड हाताशी राहत नाही. आणि स्क्रीनच्या कडा ट्वीटरच्या (स्पीकरमधील वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या) पुढे आल्या, तर गायकाचा आवाज मधोमध न बसता पसरट, धूसर ऐकू येतो.

ट्वीटर कानांच्या उंचीवर आणले आहेत आणि बाजूच्या भिंतींवर आरसा फिरवून शोधलेल्या, आवाजाच्या परावर्तनाच्या जागी दोन्ही बाजूंना रॉकवूलची (आवाज शोषणाऱ्या खनिज तंतूंची) पॅनेल उभी केली आहेत. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असताना मोजणीत १४० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा (तिथला आवाज खूपच कमी) दिसतो. स्पीकर भिंतीकडे सरकवले की तो वरच्या फ्रिक्वेन्सीकडे जातो, मात्र बायाचा (तबल्याच्या डग्ग्याचा) घुमारा फुगतो.

घर भाड्याचे असल्याने भिंतीला भोके पाडता येत नाहीत आणि दाराच्या जागेमुळे टेबल दुसऱ्या भिंतीला लावणे शक्य नाही. हेडफोनचा पर्याय कृपया सुचवू नये, तो वापरात आहेच.

अशा खोलीत स्क्रीन एकावर एक लावाव्यात, की दोन्ही काढून एकच ३४ इंची रुंद स्क्रीन घ्यावी, आणि ती स्पीकरच्या दर्शनी भागापेक्षा साधारण किती मागे व किती खाली असावी?