सूचौ: उद्यानांच्या जोडीने मंदिरेही पाहावीत

चीनमधील सूचौ शहराची उद्याने पाहिल्यावर मंदिरांसाठी वेगळा वेळ काढण्याची गरज नाही, हे मत मला पटत नाही. १६व्या शतकातील च्वोचंग युआन या सुमारे ५ हेक्टरांच्या उद्यानात तळ्याच्या पूर्वेकडून पश्चिमेला पाहिले असता, भिंतीपलीकडे शहरात उभा असलेला उत्तर मंदिराचा नऊ मजली पगोडा उद्यानाचाच भाग वाटतो. बाहेरचे दृश्य असे आत सामावून घेणे हे चिनी उद्यानकलेचे जुने तंत्र आहे. म्हणून ही दोन्ही स्थळे एकाच दिवशी पाहावीत. श्वानम्याओ या ताओवादी मंदिरातील, ११७९ साली उभारलेले भव्य लाकडी सभागृह मात्र भर बाजारपेठेत असूनही अनेक प्रवासी टाळतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.