अलंकारांची नावं पोरांना कशाला?

खानापूरकर
दहावीतल्या भाचीचा अभ्यास घेतोय. 'सम, सारखा, जसा' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. कविता न वाचताच ती शब्द हुडकते आणि पैकीच्या पैकी मार्क घेते. माझं म्हणणं, ही नावं पुस्तकातून काढून टाका. आमच्या आज्जीनं जात्यावर किती ओव्या म्हटल्या. रूपक म्हणजे काय ते तिला कुठं ठाऊक होतं? काही अडलं का?

निपाणीची बाई (मराठी शिकवते)
अडलं नाही, कारण त्यांना ओवी गायची होती. भाचीला ती का आवडली ते सांगायचंय. खोट नावांत नाही, त्या शब्दांच्या यादीत आहे.
तुमच्याच रानातलं घ्या. 'गाईसारखा गवा.' 'सारखा' दिसला, भाची उपमा लिहून मोकळी. पण न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, हे उपमान प्रमाणाचं (साम्यावरून वस्तू ओळखायच्या रीतीचं) ठरलेलं उदाहरण: गवय, म्हणजे गवा, कधी न पाहिलेल्या माणसानं रानात तो ओळखावा म्हणून सांगितलेली खूण. यात माहिती आहे, चमत्कृती, म्हणजे मनाला सुखावणारी कल्पना, नाही, म्हणून अलंकारही नाही.
आता जांबोटीचं धुकं बघा. 'धुकं दुधासारखं' म्हटलं की दोन्ही वस्तू वेगळ्या राहतात, ही उपमा. 'धुकं जणू दूधच' म्हटलं की मन कल्पनेकडं झुकतं, ही उत्प्रेक्षा. 'धुक्याचं दूध दरीत सांडलं' यात भेदच उरला नाही, आणि यादीतला एकही शब्द नाही. हे रूपक. कवी किती पुढं गेलाय ते कळायला ही नावं लागतात.

येळ्ळूरचा पैलवान
पर बाई, ह्याला अंत हाय का? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात चारच सांगितले: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढं अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात शंभराच्या वर गेले. कविता तेवढी वाढली का पंडितांचं काम वाढलं? आन् आमचं बोलणं कशात बसवायचं? 'कुस्तीला अख्खं येळ्ळूर मैदानात आलंतं.' ही अतिशयोक्तीच न्हवं?

निपाणीची बाई
'अख्खं'मध्ये आहे थोडी. पण गाव काही चालत मैदानात येत नाही. मूळ अर्थ अडतो, म्हणून आपण 'गावची माणसं' असा घेतो. ती लक्षणा. शब्दशक्ती आहे, म्हणजे शब्दाची अर्थ देण्याची ताकद; अलंकार नव्हे.

खानापूरकर
बघा! एका वाक्यावर तुमचं दोघांचं जमेना, आणि पोरीनं एका मार्कात ओळखायचं!

टिळकवाडीहून
मी कन्नड माध्यमातला. तिथंही उपमा, रूपक, उत्प्रेक्षा हीच नावं. नवव्या शतकातला कविराजमार्ग हा कन्नड ग्रंथ दंडीच्या संस्कृत काव्यादर्शावर बेतलेला, म्हणजे मूळ एकच. इथल्या, बेळगावकडच्या मराठी पोरांना कन्नडचाही पेपर असतो. एकदा नीट समजलं की दोन्हीकडं चालतं. काढून टाकून तोटा त्यांचाच.

येळ्ळूरचा पैलवान
हे मातर पटलं.

खानापूरकर
सोय म्हणून राहू देत. पण मार्क नावाला नकोत. कशाला कशाची जोड दिली आणि तीच का, एवढंच विचारा.

निपाणीची बाई
चालेल. मग गठ्ठे तपासायला तुम्ही या. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येणार, आणि एकही चूक म्हणता येणार नाही.