चित्र उलटं करून बघणाऱ्यांची नोकरी

'कलेचा इतिहास शिकून शेवटी प्राध्यापकी, नाहीतर संग्रहालय' असं अनेकदा म्हटलं जातं, त्यात एक भर. चित्राच्या मालकीचा इतिहास शोधणं हेही पूर्णवेळ काम आहे. लिलावगृहं, विमा कंपन्या, वकील, सगळ्यांनाच ते लागतं.

सुरुवात चित्राच्या पाठीपासून होते. तिथली लेबलं, शिक्के, खडूने लिहिलेले आकडे टिपायचे आणि जुन्या लिलाव-सूचींशी ताडून पाहायचे. युरोपात फिरलेल्या चित्राची १९३३ ते १९४५ मधली, म्हणजे नाझींनी चित्रं लुटली त्या काळातली, मालकी सलग लागली नाही की विक्री अडू शकते. सूचींतल्या मापांचा घोळ तर नेहमीचाच: कुणी फ्रेमसकट मोजतं, कुणी उंचीआधी रुंदी लिहितं. कॅनव्हासला मागून नवं कापड चिकटवलेलं असेल तर शिक्केच झाकले जातात.

लेबलावरही डोळे मिटून विश्वास नको. खोटी चित्रं रंगवून विकणाऱ्या वोल्फगांग बेल्त्राकी या जर्मन चित्रकाराने फ्लेख्टहाइम या कलाविक्रेत्याच्या संग्रहाची लेबलंसुद्धा खोटी बनवली होती. १९१४ चं म्हणून विकलेल्या त्याच्या चित्रात टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सापडला आणि बिंग फुटलं. तो रंग तेव्हा चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता.

युरोपातल्या जुन्या सूची वाचाव्या लागतात, म्हणून पदवीच्या काळातच जर्मन किंवा फ्रेंच निदान वाचता येण्याइतकी शिका. बोलता नाही आली तरी चालेल, जुन्या सूची बोलत नाहीत. कॉन्झर्व्हेशनकडे, म्हणजे चित्रांच्या जतन-दुरुस्तीकडे, जायचं असेल तर रसायनशास्त्र सोडू नका. अनेक अभ्यासक्रमांत ते प्रवेशालाच लागतं, आणि नंतर भरून काढणं जिवावर येतं.