फार्मिंग सिम्युलेटरमध्ये केळी यावी म्हणून कंपनीला कसं लिहायचं?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली. घरी केळी, थोडा कापूस, रब्बीला हरभरा. भाऊ फार्मिंग सिम्युलेटर (शेती करायचा कॉम्प्युटर गेम) याची १९ ही आवृत्ती खेळायचा तेव्हा त्याच्या शेजारी बसून मी शिकले. आता माझ्या लॅपटॉपवर २२ आहे. १९ मध्ये कापूस पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या घरात सगळे स्क्रीनभोवती जमले होते. यंत्र चालतंय आणि मागून गठाण बाहेर पडतेय! आईने विचारलं, "वेचणीला बाया नाहीत का यांच्याकडे?"

तेव्हापासून डोक्यात एकच आहे: केळी का नाही? ऊस १७ च्या प्लॅटिनम आवृत्तीत आला. २२ मध्ये द्राक्षं आणि ऑलिव्ह आले. २५ मध्ये भात आला, म्हशी आल्या, आशियातल्या गावासारखा एक नकाशाही आला. जळगावच्या केळीला २०१६ पासून जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे. सावदा, फैजपूर, रावेर, निंभोरा हा सगळा पट्टा या एका पिकावर जगतो. तरी शेतीच्या सगळ्यात मोठ्या गेममध्ये केळीचं एक खोड नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि मला नुसतं झाडाचं चित्र नकोय. जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग या दोन्ही लागवडी हव्यात. ठिबकमधून खत सोडता यायला हवं. पिलं (बुडातून फुटणारे कोंब) वेळेवर कापली नाहीत तर घड लहान भरावा. एका खोडाला एकदाच घड येतो, तो कापला की खोड संपलं. पण बुडाशी एक चांगलं पील राखलं असेल तर तेच पुढचं पीक. म्हणून तर बाजारात नवतीचा (नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाचा) भाव वेगळा निघतो, पिलबागचा (राखलेल्या पिलांच्या पिकाचा) वेगळा. गेममध्ये असं दुसरं पीकच नाहीये. आणि मे-जूनचं वादळ! वर्षभर जपलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. २५ मध्ये गारपीट आणि टोर्नेडो (गरगर फिरणारं वादळ) त्यांनी आणलंच आहे, तर त्याचा खरा धाक केळीवाल्यालाच कळेल.

कंपनी स्वित्झर्लंडची आहे, जायंट्स सॉफ्टवेअर. माझे प्रश्न असे:

अशी पत्रं कोणी वाचतं का? कोणाला लिहायचं, काय लिहायचं? मैत्रीण म्हणते सह्यांची मोहीम काढ, कॉलेजातून पाचशे सह्या सहज होतील. त्याचा उपयोग होतो का? आणि त्याच पत्रात गेम मराठीतून द्या असंही मागून घ्यावं का? इथे कोणी कधी गेम कंपनीला लिहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

अमळनेरचा_गडी

ताई, आधी एक सांगतो, विषय वाचून छाती फुगली. माले बी तेच वाटस, केळी पाहिजेच.

सह्यांबद्दल. डार्क सोल्स हा गेम २०११ मध्ये फक्त कन्सोलवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर) निघाला होता. २०१२ च्या सुरुवातीला पीसीवाल्यांनी ऑनलाइन अर्ज चालवला, ९० हजारांहून जास्त सह्या झाल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम पीसीवर आला. म्हणजे होतं. पण तो आकडा बघा. पाचशेने काय होईल मला शंका आहे.

भुसावळ_पुणे_पॅसेंजर

मूळचा भुसावळचा, सध्या पुण्यात एका गेम स्टुडिओत टेस्टिंग करतो. खेळाडूंच्या सूचना वाचून त्यांची वर्गवारी करणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, वाचतात. मी स्वतः वाचतो. पण वाचणारा माणूस आणि निर्णय घेणारा माणूस वेगवेगळे असतात, हे लक्षात ठेवून लिहायचं. माझ्यासारखा माणूस दिवसभरात ढीगभर सूचना बघतो. "प्लीज केळी टाका" अशा एका ओळीच्या शंभर सूचना आल्या तर त्यांची आमच्या तक्त्यात एकच ओळ होते, पुढे आकडा. तो आकडाही कामाचा असतोच. पण एखादं पत्र असं येतं की ते जसंच्या तसं डिझायनरला पाठवावं लागतं, कारण त्यात त्याला माहीत नसलेलं काहीतरी असतं. तुमच्या पोस्टमधला नवती-पिलबागचा परिच्छेद तसा आहे. स्वित्झर्लंडमधल्या डिझायनरला केळीचं खोड एकदाच फळतं हे माहीत असेलच असं नाही.

सह्यांबद्दल अमळनेरच्या भाऊंचं बरोबर आहे, पण त्यात एक भर घालतो. डार्क सोल्सच्या सह्या म्हणजे गिऱ्हाइकांची मोजदाद होती. गेम तयार होता, दुसऱ्या यंत्रावर आणला तर विकला जाईल का एवढाच प्रश्न होता. २०११ मध्ये ऑपरेशन रेनफॉल नावाची मोहीम झाली. निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरचे तीन जपानी गेम अमेरिकेत येत नव्हते. चाहत्यांनी पत्रं तर लिहिलीच, शिवाय झेनोब्लेड हा गेम ॲमेझॉनवर जुन्या नावाने नोंदलेला होता, तो आगाऊ मागवून त्यांनी विक्रीच्या यादीत थेट वर नेला. २०१२ मध्ये झेनोब्लेड आला, २०१३ पर्यंत उरलेले दोन्ही आले. तिथेही गेम तयारच होते. तुम्ही मागताय ती नवीन वस्तू, जी कोणाला तरी मुळापासून बनवावी लागणार आहे. तिथे सह्यांपेक्षा माहिती जास्त चालते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अनचार्टेड ४ या गेमचं आहे. एका दिव्यांग खेळाडूला अनचार्टेड २ संपवता आला नव्हता. शेवटाकडे एका जागी बटण भराभर दाबावं लागतं आणि ते त्याला शक्यच नव्हतं. त्याने "गेम सोपा करा" असं म्हटलं नाही. नेमकं कुठे अडलो, हाताला काय जमत नाही, ते सांगितलं. तो गेम बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीच्या लोकांनी ऐकलं, आणि २०१६ च्या चौथ्या भागात बटण भराभर दाबण्याऐवजी नुसतं धरून ठेवायची सोय आली. एका माणसाच्या नेमक्या बोलण्याने हे झालं.

आता केळी का नसावी, याबद्दल माझा अंदाज. हा गेम यंत्रांचा आहे. खऱ्या कंपन्यांचे ट्रॅक्टर, खरी हार्वेस्टर, तीच त्याची जान. कापूस आला तो कापूस वेचणाऱ्या यंत्रासोबत, द्राक्षं आली ती ओळीवरून चालणाऱ्या हार्वेस्टरसोबत. केळीचं काम विळ्याचं आणि खांद्याचं. डिझायनर पहिला प्रश्न विचारणार, खेळाडू यात चालवणार काय? याचं उत्तर तुमच्या पत्रात आलं पाहिजे. दुसरी अडचण तांत्रिक. गहू म्हणजे शेतभर पसरलेला एकसारखा थर. केळीचं प्रत्येक झाड वेगळं, पानं मोठी. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी सुमारे १,७४० झाडं होतात. साध्या लॅपटॉपचा दम निघेल. पण द्राक्षाच्या ओळी त्यांनी बसवल्यात ना, त्याच पद्धतीने केळीच्या ओळी बसतील. पत्रात तोच दाखला द्या.

कायद्याची एक बाब. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं की तुम्ही पाठवलेली सूचना आम्ही फुकट वापरू शकतो. निन्टेन्डोसारख्या काही तर बाहेरच्या कल्पना घेतच नाहीत, उद्या कोणी "माझी कल्पना चोरली" म्हणून उभं राहू नये म्हणून. तुम्हाला पैसे नकोच आहेत, तर ते पहिल्या परिच्छेदातच लिहून टाका, वाचणाऱ्याला मोकळं वाटतं.

मराठीची मागणी वेगळ्या पत्रात करा. ती वेगळ्या विभागाकडे जाते. एका पत्रात दोन मागण्या असल्या की दोन्ही अर्धवट नोंदल्या जातात, हे मी रोज बघतो.

शिरपूर_मॉडर

वरचं सगळं पटलं. एक वाट राहिली, ती सांगतो. पत्र लिहा, पण सोबत मॉड (खेळाडूंनीच बनवून गेमला जोडलेली भर) करा.

मॉड बनवायचं जायंट्स एडिटर हे सॉफ्टवेअर कंपनी फुकट देते. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये झाड बनवायचं, एडिटरमध्ये आणायचं, नकाशात नवीन पीक म्हणून जोडायचं. चांगलं झालं तर कंपनीच्या मॉडहबवर (मॉड ठेवायच्या साइटवर) तपासणीला पाठवता येतं. कन्सोलवर स्वतंत्र स्क्रिप्ट (स्वतः लिहिलेला प्रोग्राम) असलेले मॉड चालत नाहीत आणि मोबाइलच्या आवृत्तीत मॉडच नाहीत, हे ध्यानात ठेवा. पिलाचं गणित स्क्रिप्टशिवाय जमणार नाही, म्हणजे आपला मॉड फक्त पीसीपुरता.

आणि मॉडचा उपयोग केवढा! ऋतूंचं चक्र आधी कंपनीने दिलंच नव्हतं. खेळाडूंच्या एका गटाने सीझन्स नावाचा मॉड बनवला, १७ आणि १९ मध्ये लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि २२ मध्ये कंपनीने स्वतः गेममध्ये ऋतू आणले. मागणी करून दाखवण्यापेक्षा चालवून दाखवलेलं लवकर पटतं. मी झाड बनवायला तयार आहे. मला रोपापासून घड पक्व होईपर्यंतचे फोटो लागतील, एकाच उंचीवरून काढलेले.

यावलचे_नाना

नातवाने वाचून दाखवलं, मी सांगतोय आणि तो टाइप करतोय. पोरी, तू चांगलं काम काढलंस.

पण भुसावळच्या पोराचं एक मला पटत नाही. यंत्रं दाखव म्हणतो. केळीत यंत्र आहेच की. रोटाव्हेटर आहे, सरी पाडायला छोटा ट्रॅक्टर आहे, ठिबकची टाकी आहे, बाग मोडताना खोडाची कुट्टी करणारं यंत्र आलंय. ते सगळं लिही. पण कापणीला यंत्र घालायला सांगू नको. घड कापायला दोन माणसं लागतात. एक खोडाला वार करून ते अलगद वाकवतो, दुसरा घड खांद्यावर झेलतो. झेलणारा चुकला तर फणीला मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी साल काळी पडते, व्यापारी भाव पाडतो. मग बांधापर्यंत खांद्यावर, खाली केळीचीच पानं अंथरलेली, तिथून गाडीत. ती मजुरांची टोळी गेममध्ये दिसली नाही तर ती केळी आमची नाही.

वाऱ्याबद्दलही लिही. बागेच्या चारी बाजूंनी आम्ही शेवरी किंवा गजराज गवत लावतो, उन्हाळ्याची झळ अडते. घड भरला की झाडाला टेकू देतो नाहीतर पट्टी बांधतो. वादळ दाखवणार असतील तर हा बचावही दाखवायला हवा, नाहीतर खेळणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. आणि थंडी विसरू नको. पारा १० अंशांच्या खाली गेला की केळी वाढायची थांबते.

भुसावळ_पुणे_पॅसेंजर

नाना, तुमचं म्हणणं मान्य. आणि झेलणाऱ्याचा तो प्रसंग तर खेळण्यासारखाच आहे. योग्य क्षणी बटण दाबलं तर घड शाबूत, नाहीतर फण्यांना मार आणि भावात घट. ताई, हे नक्की घ्या.

केळीबाग_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, तुम्ही सांगितलेलं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले शब्द न् शब्द खरा आहे. इंग्रजी मी करून घेईन, आधी मराठीत मसुदा टाकते:

"मी भारतातल्या जळगाव जिल्ह्यातल्या केळी उत्पादक कुटुंबातली आहे आणि तुमचा गेम अनेक वर्षं खेळते. ही सूचना तुम्ही विनामोबदला वापरू शकता. केळी हे पीक गेममध्ये यावं असं मला वाटतं, कारण त्यात तुमच्या कोणत्याच पिकात नसलेला एक निर्णय आहे: कोणतं पील राखायचं आणि कोणतं कापायचं. त्यावर या घडाचं वजन आणि पुढच्या वर्षीचं पीक दोन्ही ठरतं. द्राक्षासाठी तुम्ही केलेली ओळींची पद्धत इथे चालू शकेल. चालवायला छोटा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, खोडाची कुट्टी करणारं यंत्र, ट्रॉली आणि ठिबकमधून खत देण्याची व्यवस्था आहे. कापणी हातानेच ठेवावी. एकजण कापतो, दुसरा झेलतो, आणि झेलण्यावर मालाची प्रत ठरते. वाऱ्यापासून बचावासाठी बांधावर गवताची भिंत आणि झाडाला टेकू असतो. तुमच्या २५ मधल्या वादळाला यातून नवा अर्थ मिळेल. सोबत आमच्या बागेचे लागवडीपासून कापणीपर्यंतचे फोटो जोडले आहेत. आणखी माहिती हवी असल्यास आनंदाने देईन."

शिरपूरच्या दादा, फोटो काढायला सुरुवात केलीय. मृगबाग आणि पिलबाग दोन्ही आहेत, त्यामुळे वेगवेगळ्या वयाची झाडं एकाच फेरीत मिळतील. काठीवर उंचीची खूण करून घेतलीय.

भुसावळ_पुणे_पॅसेंजर

पत्र उत्तम. एकच बदल करा: "कोणतं पील राखायचं" हे वाक्य सगळ्यात वर घ्या, तुमची ओळख त्याच्या खाली. आणि फोटो ईमेलला जोडू नका, मोठ्या जोडण्या बऱ्याचदा अडवल्या जातात. तीन-चार लहान करून पत्रातच टाका, बाकीच्यांची लिंक द्या. झेलण्याचा एक वीस सेकंदांचा व्हिडिओ मिळाला तर फार बरं.

यावलचे_नाना

परवा सकाळी आमच्या वावरात कटाई आहे, साडेसहाला टोळी येईल. बाबांना घेऊन ये, व्हिडिओ काढ. टोळीच्या मुकादमाला मी आजच सांगून ठेवतो.