मदत हवी आहे: सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद होताना नोडएमसीयू रीसेट होतोय

नमस्कार मंडळी,

गच्चीवरच्या कुंड्यांना ठिबक केलंय. पाणी सोडायला १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (आतल्या कॉइलला वीज दिली की उघडणारा) आणि तो चालवायला नोडएमसीयू, म्हणजे छोटा वाय-फाय कंट्रोलर बोर्ड. आधी बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावला, त्याच्या बेसला (कंट्रोल पिनला) १के रेझिस्टर. दोनदा 'टक' वाजलं, तिसऱ्यांदा ट्रान्झिस्टर गेला. मग दुकानदाराने "मोठा घ्या" म्हणत आयआरएफ५४०एन मॉस्फेट दिला. आता व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी नाही, आणि मॉस्फेटला बोट लावलं की चटका बसतो. वर व्हॉल्व्ह बंद केला की बोर्ड रीसेट! कॉइल मीटरवर ३० ओहम दाखवते. अ‍ॅडॉप्टर २ अँपिअरचा आहे, त्यातूनच बकने (व्होल्ट कमी करणाऱ्या मॉड्यूलने) बोर्डाला ५ व्होल्ट. रिले नको, रोजची टकटक ऐकून घरचे वैतागतील. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
३० ओहमला १२ व्होल्ट म्हणजे ०.४ अँपिअर. बीसी५४७ची मजल १०० मिलिअँपिअर, तो जाणारच होता. ५४०एन तेवढे अँपिअर आरामात पेलतो, पण नीट उघडायला गेटला (त्याच्या कंट्रोल पिनला) १० व्होल्ट लागतात. २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी तो नुसता उघडायला लागतो आणि तुमची पिन देते ३.३. अर्धवट उघडल्यामुळे कॉइलच्या वाटचे व्होल्ट तोच खातो, म्हणून चटका. कमी गेट व्होल्टवर उघडणारा मॉस्फेट, आयआरएलझेड४४एन, मिळाला तर उत्तम. नाहीतर टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर घ्या, बेसला तोच १के. तो साधारण १ व्होल्ट खाईल, उरलेल्या ११ वर व्हॉल्व्ह उघडायला हवा.

आणि डायोड कुठाय? करंट तोडला की कॉइल उलटा झटका मारते, बोर्ड त्यानेच रीसेट होत असणार. कॉइलच्या दोन टोकांना १एन४००७ लावा, रुपेरी पट्ट्याची बाजू +१२ कडे. उलटा लागला तर व्हॉल्व्ह चालू करताच शॉर्ट. बोर्डाचा आणि अ‍ॅडॉप्टरचा ग्राउंड एकच आहे ना, तेही बघा.

धागाकर्ता:
डायोड नव्हताच! आता टीआयपी१२२ आणि डायोड दोन्ही लावले. गार आहे, रीसेटही नाही. पण नवीनच भानगड: प्लग काढून लावला की बोर्ड कधी सुरू होतो, कधी ढिम्म.

प्रतिसाद १:
बेसची वायर कुठल्या पिनला?

धागाकर्ता:
डी३. आधी डी१ला होती, नव्याने जोडताना बदलली.

प्रतिसाद १:
तीच गोम. सुरू होताना डी३ हाय असावी लागते, तुमचा बेस तिला खाली ओढतोय. परत डी१ला न्या.

धागाकर्ता:
नेली. दहा वेळा प्लग काढून लावला, दहाही वेळा सुरू. मोगऱ्याला पाणी चालू आहे.