पिण्याच्या पाण्यावर तुमच्या घरात किती खर्च होतो? यंत्र, जार, बाटली : अनुभव लिहा

शेजारी नव्याने राहायला आलेल्या सुनेने परवा मला विचारले, "काकी, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घ्यावे की जारच चालू ठेवावा?" उत्तर देताना लक्षात आले की आपण यंत्राची किंमत पाहून दचकतो, पण जारवाल्याला दर आठवड्याला सुटे पैसे देताना बेरीज कधीच करत नाही. म्हणून आधी माझा हिशेब मांडते. गोव्यातील इतरांनीही आपापला मांडावा.

आम्ही फोंड्याला राहतो आणि नळाला ओपा प्रकल्पाचे, म्हणजे खांडेपार नदीचे पाणी येते. घरात चार माणसे असून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज १२ लिटर पाणी लागते. पूर्वी २० लिटरचा जार ८० रुपयांना घेत होतो. महिन्याला १८ जार, म्हणजे वर्षाला १७,२८० रुपये. त्यानंतर ९,००० रुपयांचे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारे यंत्र बसवले. ते सात वर्षे टिकेल असे धरले आणि कँडल (गाळ अडवणारी नळकांडी), कार्बनची गाळणी व किरणांचा दिवा यांचे वर्षाकाठी २,४०० रुपये त्यात मिळवले, तर लिटरमागे सुमारे ८५ पैसे पडतात. जारचे पाणी ४ रुपये लिटर पडत होते आणि दुकानातील लिटरची बाटली तेव्हा २० रुपयांना होती. मात्र जुलैमध्ये जलवाहिनी फुटून गढूळ पाणी आले, तेव्हा बाहेरच्या गाळणीतील पांढरी कँडल काढून पाहिली, तर ती भिजलेल्या चिऱ्याच्या रंगाची झाली होती आणि बोटाला मऊ गाळ लागत होता. पाणी गढूळ असले की यूव्ही किरण जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे दीडशे रुपयांची ती कँडल पावसाळ्यात दोनदा बदलणे मी खर्चात धरतेच.

म्हापशाहून
काकी, मी ही बेरीज आधी केली असती तर बरे झाले असते. आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याने दोन पेल्यांत तारा सोडून वीज दिली. नळाचे पाणी क्षणात तपकिरी झाले आणि आरओचे, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून क्षार गाळणाऱ्या यंत्राचे, स्वच्छ राहिले. आई घाबरली आणि आम्ही त्याच संध्याकाळी १८,५०० रुपये मोजले. तो तपकिरी रंग पाण्यातील घाणीचा नसून त्या लोखंडी तारांचाच होता, हे पुढे एका रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी समजावून दिले. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजते. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने जवळजवळ काही घडत नाही. मग टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजण्याचे छोटे उपकरण आणले. नळाच्या पाण्याचा टीडीएस ६० निघाला, आणि भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जेथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तेथे आरओ वापरण्यास मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितले होते. सांडपाण्याच्या नळीखाली बादली ठेवून पाहिले, तेव्हा एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जात होते. देखभालीचे वर्षाला ५,००० रुपये वेगळेच.

मोरजीहून
दादा, तुमचे म्हणणे नळाच्या पाण्यापुरते योग्य आहे, पण समुद्राजवळच्या विहिरीला ते लागू पडत नाही. आमच्या विहिरीचे पाणी ऑगस्टमध्ये गोडे असते आणि टीडीएस १८० च्या आसपास भरतो. मे महिन्यात तोच १,३०० होतो आणि डाळ शिजत नाही. खारेपणा उकळून जात नाही, यूव्हीनेही जात नाही, त्यामुळे आरओचा खर्च आम्हाला अटळ आहे. वाया जाणारे पाणी साठवून आम्ही लादी पुसतो. एवढे मात्र सांगतो की टीडीएसच्या आकड्यावरून जंतू कळत नाहीत; आकडा कमी आला म्हणून विहिरीचे पाणी तसेच पिऊ नये.

साखळीहून
आमच्या सासूबाई उकळलेल्या पाण्याशिवाय काही मानत नाहीत. रोज आठ लिटर पाणी उकळू लागल्यापासून ४५ दिवस जाणारा सिलिंडर ३४ दिवसांत संपतो, म्हणजे वर्षाला अडीच सिलिंडर जास्त लागतात. लिटरमागे पाऊण रुपया झाला.

(फोंडा) ताई, हे वाचून आश्चर्य वाटले. उकळणे फुकट, असेच मी आजवर समजत होते. ते तर माझ्या यंत्राच्या बरोबरीला आले!

पणजीहून
मी एकटा राहतो, घर अकरा महिन्यांच्या कराराचे आहे आणि भिंतीला छिद्र पाडण्यास मालकांची परवानगी नाही. महिन्याला चार जार, ३२० रुपये. यंत्र घेतले तरी देखभालीचे वार्षिक पैसे माणूस एक असो वा चार, सारखेच लागतात, म्हणून माझ्यासाठी जारच परवडतो. सील तुटलेला किंवा टेम्पोत उन्हात तापलेला जार मात्र मी परत करतो.

मडगावहून
आमचा बाटल्यांचा खर्च चतुर्थीचा. घरात यंत्र असूनही पाहुणे येणार म्हणून पाच दिवसांसाठी बारा बाटल्यांचे आठ खोके आणत होतो, १,२८० रुपयांचे. विसर्जनानंतर आवरताना खिडकीत, पायरीवर, माटोळीखाली (गणपतीच्या वर बांधलेल्या फळापानांच्या छताखाली) अर्ध्या प्यालेल्या बाटल्या सापडत आणि ते पाणी मी तुळशीला घालत असे. गेल्या वर्षी २,५०० रुपयांचा स्टीलचा कँडल फिल्टर घेतला, यंत्राचे पाणी त्यात भरून ओसरीवर ठेवले आणि शेजारी तांब्या-पेले मांडले. भावोजी आधी बाटलीच मागत होते. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच तोटी सोडून घेऊ लागले.