वडगाव ते उद्यमबाग सायकलनं

तुम्ही विचारलंय, बेळगावात वडगावहून उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत रोज सायकलनं जायला नकाशा खानापूर रोड दाखवतोय, तर त्यानंच जावं का? माझं मत, रोज नको. अंतर कमी दिसतं, पण बस नि मालट्रक अंगावरून जातात. त्यापेक्षा वडगावातून अनगोळ, मग चौथं रेल्वे गेट. पाच-दहा मिनिटं जास्त जाऊ देत.

गेटवर मात्र जपा. रूळ तिरका ओलांडला की चाक फटीत अडकतं, आणि पावसात ओला रूळ साबणासारखा निसटतो. हँडल सरळ, रुळाला काटकोनात, ब्रेक न दाबता. गर्दी असेल तर उतरून ढकला, खरंच.

हंगामात उसाच्या ट्रॅक्टरला डावीकडून कधीच ओलांडू नका; मागच्या ट्रॉलीचं चाक वळताना आत येतं. आधी एका रविवारी रस्ता फिरून बघा.